गच्चीवरची वीस मीटर तार

आमच्या घरात पत्रकं रद्दीसारखी साठायची. बाबा एमआयडीसीतल्या एका रंगाच्या कारखान्यात होते आणि कामगार संघटनेचं लिहायचं काम त्यांच्याकडे होतं. वाटून उरलेल्या पत्रकांची मागची बाजू कोरी, म्हणून ती मला गणितं सोडवायला मिळत. एका बाजूला माझे लसावि-मसावि, दुसऱ्या बाजूला ठळक अक्षरांत ‘बंधूंनो, आता नाही तर कधीच नाही’. शाळेत जायच्या आधी मी अक्षरं ओळखायला शिकले ती त्या मथळ्यांवरून. पुढे डोंबिवली स्टेशनबाहेर उभं राहून पत्रक कसं वाटायचं हेही बाबांनीच शिकवलं. समोरच्याच्या डोळ्यांत बघायचं, कागद त्याच्या हाताच्या उंचीवर धरायचा, त्याने घेतला की लगेच पुढच्या माणसाकडे वळायचं. थांबायचं नाही. थांबलं की तो वाद घालतो आणि तेवढ्यात दहा माणसं निसटतात.

सतरा वर्षांची असताना मी माझं स्वतःचं पहिलं पत्रक लिहिलं. एका कंपनीला आमच्या सोसायटीच्या गच्चीवर मोबाइलचा टॉवर बसवायचा होता आणि कमिटीने कोणालाही न विचारता बोलणी सुरू केली होती. न विचारता म्हटलं की माझं डोकं फिरतं. तेव्हा फिरलं, आजही फिरतं. पण ‘आम्हाला विचारलं नाही’ एवढ्यावर लोक जागचे हलत नाहीत, हे मला घरात बसून चांगलं कळलेलं होतं. म्हणून मी लिहिलं की टॉवरमुळे रक्ताचे आजार होतात, डॉक्टरांचं तसं स्पष्ट मत आहे, आणि समोरच्या इमारतीवर आधीच असलेला टॉवर आपल्याला रोज थोडं थोडं मारतोय. मी एकाही डॉक्टरला विचारलं नव्हतं. शेवटचं वाक्य होतं, ‘आपल्या गच्चीवर कसल्याही प्रकारचा अँटेना कधीही नको.’ सर्वसाधारण सभेत हेच वाक्य जसंच्या तसं ठराव म्हणून मंजूर झालं. टॉवर रद्द झाला. त्या संध्याकाळी बाबांनी मला मिसळ खायला नेलं आणि हॉटेलात भेटलेल्या चार जणांना सांगितलं की पोरगी लिहायला लागली.

हे आधी सांगून टाकते, कारण आठ वर्षांनी त्याच गच्चीवर मला वीस मीटर लांबीचा अँटेना बांधायचा होता.

आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर पूर्वी ग्राहक भांडार होतं. ते बंद पडलं आणि गाळा बरीच वर्षं रिकामा राहिला. फिजिक्स शिकवणाऱ्या एका मॅडमनी तो सोसायटीकडून मागून घेतला आणि तिथे मेकरस्पेस सुरू केली. इमारतीतले लोक मात्र वर्कशॉपच म्हणतात. ज्याला काही बनवायचं असेल किंवा बिघडलेलं उघडून बघायचं असेल त्याने यावं. धान्याच्या जुन्या फळ्यांवर आता ड्रिल मशीन, मीटर, स्क्रूचे डबे, वायरची भेंडोळी. हत्यारं कोणाच्याच मालकीची नाहीत, वापरून झालं की जागेवर ठेवायची, बस. साधनं सगळ्यांची, हे मी पत्रकांत शंभर वेळा वाचलं होतं. प्रत्यक्षात पहिल्यांदा हातात धरलं ते इथलं सोल्डरिंग आयर्न होतं, म्हणून मी तिथे जात राहिले.

गेल्या वर्षी गणपती झाल्यावर ठाण्याहून एक काका आले. वय शहात्तर, टेलिफोन एक्स्चेंजमधून रिटायर झालेले. रिक्षातून उतरले तेव्हा त्यांच्या मांडीवर चादरीत गुंडाळलेलं काहीतरी होतं आणि ते त्यांनी कोणालाच उचलू दिलं नाही. टेबलावर ठेवून चादर सोडली तेव्हा आत एक जुना रेडिओ संच निघाला, राखाडी, पुढे मोठी फिरती चकती. त्याच्यासोबत लाकडी पट्टीवर बसवलेलं एक पितळी बटण. मोर्स की, ते म्हणाले. टिंब आणि रेघा पाठवायचं यंत्र.

हॅम रेडिओ मला ऐकून माहीत होतं. सरकारची परीक्षा द्यायची, परवाना आणि कॉल साइन मिळवायचं, कॉल साइन म्हणजे हवेतलं आपलं नाव. मग आपल्या संचावरून दुसऱ्या परवानेवाल्याशी बोलायचं, आवाजाने किंवा मोर्सने. मध्ये कंपनी नाही, बिल नाही, परवानगीसाठी कोणा मालकाच्या दारात उभं राहणं नाही. हे कळल्यावर मी काकांना म्हणाले की मग तर इथून आपण सगळ्यांना ओरडून सांगू शकतो, खाडीत काय सोडतात ते, रात्री एमआयडीसीतून वास कसला येतो ते. काकांनी चष्मा काढून पुसला. नाही म्हणाले, ते नियमात बसत नाही. इथे भाषण करायचं नाही. एकाला हाक मारायची, त्याने ओ दिली तर त्याच्याशी बोलायचं.

“मग यात सार्वजनिक काय आहे?” मी विचारलं.

“ऐकणं,” ते म्हणाले. “ते कोणालाही करता येतं. तू आधी महिनाभर तेच कर.”

मला त्यांचा राग आला आणि दुसऱ्या दिवशी मी ठरलेल्या वेळेच्या दहा मिनिटं आधीच जाऊन बसले.

दोन महिने आम्ही तो संच दुरुस्त केला. आतले बरेच कपॅसिटर सुकून गेले होते. एकेक काढायचा, मीटरवर तपासायचा, नवा बसवायचा. काकांचा हात स्थिर होता पण नजर कमी, म्हणून सोल्डर मी करायचे आणि ते नुसते वासावरून सांगायचे की जास्त तापलं. मोर्सही त्यांनीच शिकवला, टेबलावर पेन आपटून. मॅडम मधूनमधून चहा घेऊन डोकवायच्या. त्यांच्या वशिल्याने नव्हे, नुसत्या चिकाटीने, काकांच्या परवान्यावरचा पत्ता बदलून आमच्या गाळ्याचा झाला. दिल्लीहून तो कागद आला तेव्हा काका तो दोनदा वाचून शर्टाच्या आतल्या खिशात ठेवून घरी गेले.

एवढी घाई कशाची, हे त्यांनी मला नोव्हेंबरात एकदा सांगितलं, संचाकडे बघत, माझ्याकडे न बघता.

त्यांचा एक मित्र सावंतवाडीजवळच्या एका गावात राहतो. मित्र हवेतलाच. तीस वर्षांहून अधिक काळ दोघं रोज सकाळी, आपापल्या घरी चहा पिता पिता, एकमेकांना हाक मारून दहा-पंधरा मिनिटं मोर्सवर बोलायचे. प्रत्यक्षात भेटले एकदाच, कोणाच्या तरी लग्नात, आणि तेव्हा दोघांनाही काय बोलावं ते सुचेना, म्हणून शेजारी बसून जेवले. मग टेंभी नाक्याजवळचं काकांचं जुनं घर पाडून तिथे वीस मजली इमारत झाली. तिच्या गच्चीवर सोलरचे पत्रे आहेत आणि दाराला कुलूप. काकांचा अँटेना गेला तो गेलाच. फोनवर बोलणं चालू होतं. मग मित्राचं घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज कायमचा गेला. साखरेमुळे नजरही गेलेली, त्यामुळे मोबाइलवर लिहिणं वाचणं नाही.

मी म्हटलं की मग तुम्ही फोन करा, ते ऐकतील.

“करतो ना,” काका म्हणाले. “मी बोलतो, तो ऐकतो. मग त्याची मुलगी सांगते, काका, बाबा मान हलवतायत. मला मान ऐकू येत नाही गं.”

थोड्या वेळाने त्यांनी पुढचं सांगितलं. मुलगीच म्हणाली होती फोनवर. तिचे बाबा अजून रोज सकाळी संचासमोर बसतात. चाचपडत मोर्स की शोधतात, काकांचं कॉल साइन तीन वेळा पाठवतात आणि कान लावून बसतात. मग परत पाठवतात. चहा संपला की उठतात. वर्ष होत आलं.

मी त्या दिवशी घरी गेले ती सरळ सेक्रेटरींच्या दारात.

सेक्रेटरी वाईट माणूस नाही. त्यांनी ठरावाचं रजिस्टर काढलं आणि माझं वाक्य माझ्यासमोर वाचून दाखवलं. कसल्याही प्रकारचा, कधीही. वाचताना त्यांच्या मिशीखाली थोडं हसू होतं आणि ते मला लागू होतं. पण वाटही त्यांनीच सुचवली. सगळ्यात वरच्या, चौथ्या मजल्यावरच्या तिन्ही घरांनी लेखी ना हरकत दिली तर कमिटी या एका तारेपुरता अपवाद करेल. दोन घरांनी त्याच संध्याकाळी सही दिली. तिसरं घर एका काकूंचं.

या काकू मूळच्या वेंगुर्ल्याकडच्या. मला शाळेत असल्यापासून ओळखतात. टॉवरच्या वेळी माझं पत्रक घेऊन दारोदार फिरल्या होत्या त्याच. पुढच्या वर्षी त्यांचे मिस्टर रक्ताच्या कॅन्सरने गेले. तेव्हापासून त्यांच्या हॉलची समोरच्या टॉवरकडची खिडकी बंद आहे, आतून पुठ्ठा लावलेला.

मी फॉर्म पुढे केला. त्यांनी तो वाचला, आत गेल्या आणि प्लास्टिकची एक फाइल घेऊन आल्या. मिस्टरांचे रिपोर्ट होते त्यात. सगळ्यात वर माझं पत्रक, लॅमिनेट केलेलं.

“हे तुझंच ना?”

मी हो म्हटलं आणि घाईघाईने सांगू लागले की हा अँटेना वेगळा आहे, साधी तार आहे, टॉवरशी काही संबंध नाही.

“कसल्याही प्रकारचा, असं लिहिलंयस तू,” त्या म्हणाल्या. रागाने नाही. मला माझीच आठवण करून दिल्यासारखं. “तेव्हा खरं होतं ते आता खोटं कसं झालं?”

मी फॉर्म तिथेच ठेवून खाली आले आणि मला जे येतं ते करायला बसले. नवीन पत्रक लिहिलं. दोन पानं, मथळा, मुद्दे, टॉवर आणि हौशी रेडिओ यांतला फरक, शेवटी आवाहन. चांगलं झालं होतं, आजही वाटतं. काकांना वाचायला दिलं. त्यांनी भिंग लावून शेवटपर्यंत वाचलं.

“छान लिहिलंयस. हे वाटणार कोणाला?”

“सगळ्या इमारतीला.”

“नाही कोण म्हणालंय?”

“काकू. एकट्या.”

त्यांनी कागदाची व्यवस्थित घडी घातली, माझ्या हातात परत दिली आणि संचाचं झाकण उघडून कामाला लागले.  एखादा माणूस गप्प राहून इतका स्पष्ट बोलू शकतो हे मला आमच्या घरात कधी दिसलं नव्हतं.

चार दिवस मी टाळलं. चार दिवस म्हणजे त्या मित्राच्या चार सकाळी, हा हिशोब मला झोपू देईना. रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर मी हात हलवत वर गेले. काकू जमिनीवर बसून भिजवलेले कडवे वाल सोलत होत्या. मी समोर बसले आणि सोलायला लागले. दार उघडं, खिडकी बंद, पंखा थांबलेला. वालाची सालं बोटाच्या एका दाबाने निघत होती आणि काही केल्या माझ्या तोंडून पहिलं वाक्य निघत नव्हतं.

“काकू, त्या पत्रकात डॉक्टरांचं मत म्हणून जे लिहिलंय ना, ते मी कोणाला विचारलं नव्हतं.”

त्यांचे हात चालूच होते. “म्हणजे?”

“म्हणजे मीच लिहिलं. टॉवर थांबवायचा होता म्हणून.”

हात थांबले.

“मग हे कशाने गेले?”

“मला माहीत नाही.”

“समोरच्या टॉवरने नाही?”

“टॉवरने गेले असं मला कोणी सांगितलं नाही, काकू. आता मी वाचलं, मॅडमना विचारलं, त्यांनी एका डॉक्टरांना विचारलं. तसं सिद्ध झालंय असं कोणी म्हणत नाही. मला तेव्हाही काही माहीत नव्हतं.”

त्या खिडकीच्या पुठ्ठ्याकडे बघत राहिल्या.  मला वाटलं त्या मला हाकलतील, आणि हाकलावं असंच मला वाटत होतं. त्या म्हणाल्या की सात वर्षं सकाळी उठल्या उठल्या त्या टॉवरला शिवी घालतात. देवाच्या आधी. तेवढ्याने दिवस सुरू व्हायचा.

“माहीत नाही, हे तेव्हाच लिहायचं होतंस.”

“तसं लिहिलं असतं तर कोणी वाचलं नसतं.”

“मी वाचलं असतं गो,” त्या म्हणाल्या. “मी सगळं वाचते.”

 कंपनीने आणि कमिटीने लपूनछपून बोलणी केली ते चूकच होतं आणि तो टॉवर झाला नाही हे बरंच झालं, असंच मी अजून म्हणते. पण तेवढं म्हणून थांबायला हवं होतं. मी थांबले नाही, आणि एका बाईला मी खोटं कारण दिलं, ते तिने नवऱ्याच्या रिपोर्टांवर जपून ठेवलं. आता ते मी परत मागत होते.

त्यांनी पुन्हा वाल सोलायला घेतले. मग त्यांनीच विचारलं, तार कोणाला हवीय. मी काकांचं सांगितलं, त्यांच्या मित्राचं सांगितलं, रोजच्या हाकेचं सांगितलं.

“अजिबात बोलता येत नाही त्यांना?”

“नाही.”

“आणि रोज बसतात?”

“रोज.”

 वाल संपले तेव्हा म्हणाल्या, आता जा. मी गेले. सही मागितली नाही, मागायचं तोंड नव्हतं.

दुसऱ्या दिवशी गाळ्याचं शटर वर केलं तर खाली फॉर्म सरकवलेला होता. सही होती, आणि खाली त्यांच्या गोल अक्षरात दोन अटी. कपडे वाळत घालायच्या दोरीला तार लागता कामा नये. काम चालू असताना त्या स्वतः गच्चीवर हजर राहणार.

तार चढवली त्या दिवशी जानेवारीचं ऊन होतं. मंडपवाल्याकडून एक उंच बांबू आणला आणि तो पाण्याच्या टाकीला बांधला. त्याच्या टोकापासून दोन बाजूंना दहा-दहा मीटर तांब्याची तार, उलट्या व्ही-सारखी उतरती. टोकांना पीव्हीसी पाइपचे तुकडे आणि नायलॉनची दोरी. काका खुर्चीत बसून सांगत होते. तार जास्त झाली म्हणून मी कापायला निघाले की ते ओरडायचे. कापायची नाही, मागे दुमडायची, मीटर बघायचा, अजून बोटभर दुमडायची. उद्या लागली तर उलगडता येते. असं आम्ही वीसेक वेळा केलं. काकू स्टुलावर बसून सगळं बघत होत्या. शेवटी त्या उठल्या, तारेखाली जाऊन मान वर करून उभ्या राहिल्या.

“एवढीशीच? मला वाटलं, टॉवरची धाकटी बहीण असेल. यावर तर माझा एक टॉवेल वाळायचा नाही.”

“वहिनी, कृपा करून घालू नका,” काका म्हणाले, अगदी गंभीरपणे. तेव्हा त्या हसल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंधार होता तेव्हाच काका ठाण्याहून आले. स्वेटर, मफलर, नवीन बॅटरी घातलेलं कानयंत्र. संच सुरू केला आणि त्यातून फक्त खरखर आली. साधी नाही, एकसारखी, दात कोरणाऱ्या मशीनसारखी. त्या आवाजाच्या खाली काही असलं तरी ऐकू येणं शक्य नव्हतं. काका कानावर हेडफोन दाबून वीस मिनिटं बसले. चकती एका केसाइतकी इकडे, एका केसाइतकी तिकडे. मग घड्याळाकडे बघून म्हणाले, उठला असेल तो आता. हेडफोन काढून टेबलावर ठेवला. 

अशी खरखर बहुतेक वेळा जवळच्याच कुठल्या तरी स्वस्त चार्जर किंवा दिव्यातून येते, असं ते म्हणाले. मी छोटा ट्रान्झिस्टर घेऊन जिने चढायला लागले. पहिल्या मजल्यावर थोडी, दुसऱ्यावर थोडी, तिसऱ्यावर वाढली. चौथ्या मजल्यावर एका दारासमोर ट्रान्झिस्टर नुसता किंचाळत होता. ते दार कोणाचं हे बघायची गरज नव्हती.

मी तिथे उभी राहिले. या बाईकडून मी आधीच फार काही घेतलं होतं. परत फिरावं असं मनात आलं. तेवढ्यात दार उघडलं. काकूंना ट्रान्झिस्टरचा आवाज ऐकू गेला होता.

त्यांच्या भिंतीवर मिस्टरांचा फोटो आणि फोटोभोवती लाइटची माळ, बारीक पिवळे दिवे. तिचा अॅडॉप्टर सॉकेटमध्ये. मी ट्रान्झिस्टर जवळ नेला, लांब नेला. काही सांगावं लागलं नाही.

“ही मी कधीच बंद करत नाही,” त्या म्हणाल्या. “लाइट जाते तेवढीच.”

मी म्हटलं की अॅडॉप्टर बदलून बघता येईल, मी आणते, पण मिळेपर्यंत दोन-चार दिवस जातील.

“म्हणजे दोन-चार दिवस ते तिकडे असेच बसणार.”

“हो.”

त्यांनी देवघरातून निरांजन आणलं, तेल घातलं, वात लावली आणि फोटोखाली ठेवलं. मग फोटोकडे बघून, जसं आतल्या खोलीतल्या माणसाला सांगावं तसं म्हणाल्या, उद्या सकाळी थोडा वेळ हा दिवाच आहे, चालवून घ्या. आणि मला म्हणाल्या, उद्या बंद करते आणि मीच खाली येते, मला बघायचंय काय बोलतात ते.

तिसऱ्या दिवशी सकाळी गाळ्यात आम्ही तिघं. काकू शाल लपेटून स्क्रूच्या डब्यांशेजारी बसल्या. संच सुरू झाला आणि खरखर नव्हती. लांबवर कुठेतरी पाणी वाहतंय असा आवाज फक्त. सगळ्यांना ऐकू यावं म्हणून काकांनी हेडफोन न लावता स्पीकर चालू ठेवला. सात वाजले. काहीच नाही. काका चकतीवर बोट ठेवून होते. सात वाजून तीन मिनिटं. मी कागद पेन्सिल घेऊन तयार होते. मित्राने आजच कंटाळून सोडलं असेल तर, हे कोणीच बोललं नाही.

मग पाण्याच्या आवाजाखालून टिंबं आली. बारीक, संथ, अडखळत. एकेका अक्षरामध्ये एवढं अंतर की मलासुद्धा लिहिता येत होतं. मी अर्धं कॉल साइन लिहिलं आणि कळलं, हे आमच्याच काकांचं आहे.

काका हलले नाहीत. त्यांचा हात कीवर होता तिथेच राहिला. दुसऱ्यांदा तीच अक्षरं आली. तिसऱ्यांदा आली. मग शांतता, कान लावून बसलेल्या माणसाची.

“भाऊ, ओ द्या की,” काकू हळूच म्हणाल्या.

काकांनी ओ दिली. पितळी की टकटकली, त्यांचं कॉल साइन गेलं, मित्राचं गेलं. पलीकडे काहीच नाही. चार सेकंद, पाच सेकंद. मग टिंबांचा असा एक लोंढा आला की मला एकही अक्षर पकडता आलं नाही, आणि काकांनाही आलं नसावं, कारण त्यांनी चष्मा काढला आणि डोळे मिटून नुसतं ऐकलं. ते पुटपुटले की याला इतकं वेगात पाठवताना कधी ऐकलं नाही. हात तोच आहे. रेघ थोडी लांबवतो, तो तोच.

मी काहीतरी थोर ऐकायला बसले होते. त्यांनी काय बोलावं? मित्राने विचारलं, अँटेना कसला. काकांनी सांगितलं, तार, चौथ्या मजल्यावर, डोंबिवली. मित्राने विचारलं, उंची किती. थंडी आहे का, आहे. इकडे आंब्याला मोहोर, बरा. मी एकेक अक्षर लिहीत होते आणि काकू माझ्या खांद्यावरून वाचत होत्या.

“जेवण जातं का विचारा ना त्यांना. घशाचं ऑपरेशन म्हणजे,” त्या म्हणाल्या.

काकांनी विचारलं. उत्तर आलं. एक टिंब दोन रेघा एक टिंब, पी. एकच टिंब, ई. एक टिंब तीन रेघा, जे.

“पेज,” काकूंनी वाचलं. त्यांचा चेहरा एकदम उजळला. “पेज जाते म्हणतायत. उकड्या तांदळाची ना, विचारा.”

उकड्याच तांदळाची होती. सोबत काय, हेही विचारून झालं. तोंडलीचं लोणचं, पण आता चालत नाही, नुसता वास घेतो. काकूंनी पदराने नाक पुसलं.

आवाज हळूहळू बारीक व्हायला लागला. काकांनी उद्या भेटू असं पाठवलं. पलीकडून आलं, उद्या सात.

“सातला जमायचं नाही,” काकू म्हणाल्या. “सातला माझ्याकडे पाणी येतं. साडेसात सांगा.”

काका वळून त्यांच्याकडे बघत राहिले. तीस वर्षांत ही वेळ कोणासाठी हलली नव्हती, मुलांच्या परीक्षा आणि लग्नं धरून. थंडीत साडेसातला जास्त स्पष्ट ऐकू येतं असं त्यांनी स्वतः मित्राला कितीदा सांगून बघितलं होतं, पण साडेसात ही त्याची न्याहारीची वेळ होती, हे त्यांनी मला नंतर सांगितलं. त्या क्षणी त्यांनी फक्त मान हलवली आणि कीवरून पाठवलं की इथे एक वहिनी आहेत, वेंगुर्ल्याच्या, त्यांना साडेसात हवेत.

 मग आवाज पार बुडायच्या आत, एकेक अक्षर सुटं करून, उत्तर आलं. ते मी लिहून घेतलं आणि काकूंना वाचून दाखवलं.

चालेल. पेज नंतर.